नवमीचं पान

सेक्टर ६, भिलाई
४ नोव्हेंबर १९६२

सत्यशीलाताईंना अन्नपूर्णाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची, शेषरावांची बायको. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली आणि तुम्ही जिवंत आहात हे मला मागच्या मंगळवारी, भाऊबीजेच्या दिवशी कळलं.

हे वाक्य गोड करून लिहायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून आहे तसंच ठेवते.

लग्नाच्या बोलणीत मामंजींनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं की थोरली मुलगी पटकीच्या साथीत गेली. कपाळावर कुंकू घेऊन गेली, असंही म्हणाले होते. तिच्या सासरचे लोक तिचं श्राद्धपक्ष काही करत नाहीत, असं यांच्याकडून कळलं तेव्हा मीच पदर खोचला. दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला मी तुमच्या नावाने पान वाढते. पलीकडच्या गयाबाईंना सवाष्ण म्हणून बसवते, ओटी भरते, बांगड्या देते. हे समोर बसायचे, हात जोडायचे आणि न जेवताच ड्युटीवर जायचे. मला वाटायचं, बहिणीवर काय माया आहे! आता आठवलं की कान गरम होतात. जित्या माणसाचं पान वाढत होते मी, ताई, आणि तेही हौसेने.

भाऊबीजेला शेजारची कौसल्या ओवाळणीचं ताट घेऊन आली. "भाऊजीले बहीन नाही, त मीच ओवाळून देते," म्हणाली. हे पाटावर बसले, टिळा लावून घेतला, आणि निरांजन फिरायला लागलं तसे एकदम उठून उभे राहिले.

"मले बहीन हाये," म्हणाले. "आमगावले रायते. ठकूमावशीच्या घरी. बिड्या वळते."

कौसल्या ताट धरून तशीच उभी राहिली. मग बाकीचं मी खोदून खोदून काढलं. तुमचं मूल गेल्यावर तुमचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, तुम्हाला नागपूरला मनाच्या दवाखान्यात ठेवलं, परत आलात तेव्हा सासरचं दार बंद झालं होतं. आणि मामंजींना घरात वेडी मुलगी आहे म्हणण्यापेक्षा मुलगी गेली म्हणणं सोपं वाटलं. यांचं लग्न व्हायचं होतं ना. म्हणजे हे सगळं माझ्याचसाठी झालं.

मामंजी दोन वर्षांपूर्वी वारले. तेही तुम्हाला कळवलं नव्हतं म्हणे. ते असं माझ्या हातून, ओळख नसताना कळतंय, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पत्राचं खरं कारण लिहिते. हे आजारी आहेत. कारखान्यात हे उंचावरची क्रेन चालवतात. वितळलेल्या लोखंडाचा हंडा असतो, त्याला लेडल म्हणतात, तो उचलून माणसांच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा. यंदाच्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी लेडल अधांतरी असताना यांचा श्वास कोंडला. हात हँडलवर आवळले ते सुटेनात. खालून शिट्ट्या वाजत होत्या, यांना ऐकू येत होत्या, पण हात हलेना. कौसल्येचा नवरा केवलराम हाही क्रेनवरच असतो. तो शिडी चढून गेला, यांची बोटं एकेक करून सोडवली आणि लेडल खाली उतरवलं. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून हे वर चढले नाहीत. छातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, हृदय बैलासारखं धडधाकट आहे.

ताई, तुम्हाला नागपूरला काय झालं होतं? कसं सुरू झालं? आणि बरं कसं वाटलं? विचारायला दुसरं कोणी नाही. मला पाचवा महिना लागला आहे, आणि हे रक्तात असतं का, हा एक प्रश्न सारखा पोटात फिरतो.

यांना हे पत्र माहीत नाही. उत्तर कौसल्येच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता खाली दिला आहे.

तुमची भावजय,
अन्नपूर्णा

*

सेक्टर ६, भिलाई
१२ नोव्हेंबर १९६२

सत्यशीलाताई,

तुमचं उत्तर नाही. रोज कौसल्येच्या दारात जाऊन उभी राहते, ती मान हलवते. रागावला असाल तर तो तुमचा हक्कच आहे. पण रागाचंही एक कार्ड येऊ शकतं.

इकडे चांगली बातमी आहे. यांना डॉक्टरांनी फिट म्हटलं. येत्या सोमवारपासून, म्हणजे एकोणीस तारखेपासून क्रेनवर जायचं. मी मारुतीला नारळ फोडला.

झालं ते सांगते. आमच्या सेक्टरच्या दवाखान्यात लाहिरी डॉक्टर आहेत. औषधाला पैसे पडत नाहीत आणि डॉक्टर मनाने चांगला, त्यामुळे गर्दी असते. त्यांच्या ध्यानात आलं म्हणे, की अर्धी माणसं छातीत धडधड, पोटात गोळा, झोप नाही अशी येतात आणि तपासलं तर काही निघत नाही. म्हणून त्यांनी कारखान्याच्या ट्रेनिंगच्या शाळेतून एक बाई मागून घेतल्या. सिंधुताई त्यांचं नाव, नागपूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकलेल्या. दर गुरुवारी त्या डॉक्टरांच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलाशी खुर्ची टाकून बसतात. वेगळी खोली नाही, वेगळी पाटी नाही. डॉक्टर नाडी बघतात आणि बाई बोलत बसतात.

आता गंमत बघा. या बाईंना इथे कोण ओळखत नाही? नोकरीला लागताना याच बाई सगळ्यांची परीक्षा घेत होत्या. लाकडी फळीच्या भोकांत खुंट्या बसवायच्या आणि बाई हातात घड्याळ घेऊन बघणार. ज्याला जमलं तो क्रेनवर, नाही जमलं तो गोदामात. हे तेव्हा पहिले आले होते, अजून सांगतात. सगळा सेक्टर त्यांना खुंट्यावाली बाई म्हणतो. त्यामुळे दवाखान्यात ही बाई दिसली की माणसाला वाटतं, आली परत परीक्षा घ्यायला.

पण परीक्षा म्हटली की पेपर फुटतोच. झोप लागत नाही म्हणून केवलराम आधी जाऊन आला होता. त्याने प्रश्न घरी सांगितले, कौसल्येने नळावर सांगितले, आणि दोन दिवसांत आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांना प्रश्नही पाठ आणि उत्तरंही पाठ. मीही यांच्याकडून चहा पिता पिता घोकून घेतलं. झोप? येते. भूक? बराबर हाये. वर चढताना भीती? कायची भीती! असं सगळं.

गुरुवारी हे गेले आणि घडाघडा सांगून आले. एक उत्तर चुकलं नाही. वर ही चीनची लढाई, कारखान्यात माणूस कमी, फोरमन रोज विचारतो. डॉक्टरांनी सही केली.

म्हणजे आता काळजीचं काही कारण नाही. मी तुम्हाला उगाच त्रास दिला. तरी तुमचं एक कार्ड आलं असतं तर बरं वाटलं असतं.

अन्नपूर्णा

*

सेक्टर ६, भिलाई
१६ नोव्हेंबर १९६२

ताई,

तुमचं कार्ड आलं. कौसल्येला वाचता येत नाही, बरं झालं. दारातच उभ्या उभ्या वाचलं.

"माझं पान दरसाल वाढलं म्हणतेस. काय काय केलं होतं ते लिव. अन् जेवलं कोन?"

बाकी काही नाही. ना आशीर्वाद, ना शिवी. मी दहादा वाचलं. तुम्ही हसताय की ओरबाडताय, ते मला कळेना. पण विचारलंत तर सांगते. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, कोहळ्याची भाजी, भजी, आणि तुम्हाला आंबट आवडायचं असं हे एकदा बोलून गेले होते म्हणून कैरीचं लोणचं. जेवल्या गयाबाई. पोटभर जेवायच्या आणि म्हणायच्या, तुझी नणंद सरगात सुखी हाये वो बाई.

तुम्ही खरं विचारलंत, आता मीही खरं लिहिते. मागच्या पत्रात एक गोष्ट मी गिळली.

बाईंचा आणखी एक प्रश्न होता. घरात कोणाला कधी असा त्रास झाला होता का? भाऊबीजेला तुमचं कळलं होतं, आणि तरीसुद्धा मी यांना शिकवलं, "कोणी नाही म्हणा." यांनी कप खाली ठेवला. मी पुन्हा म्हटलं, "म्हणा बरं एकदा." म्हणाले. गुरुवारी तिथे बाईंनी विचारलं, "भाऊबहीण किती?" तर हे म्हणाले, "मले बहीन नाही." हे त्यांनीच मला घरी येऊन सांगितलं. फिट झालेला माणूस हसत घरी येतो. हे आले, मोरीच्या कट्ट्याला धरून उभे राहिले आणि श्वास घेता येईना. पाणी पाजलं, पाठ चोळली. पुष्कळ वेळाने म्हणाले, "बाबानं एकदा मारलं तिले. तू दरसाल मारते. आज म्या मारलं."

नारळ मी त्यानंतर फोडला, ताई. घाबरून फोडला.

काल गुरुवारी मी माझ्या तपासणीला गेले. सिंधुताई होत्याच. डॉक्टरांनी माझं पोट तपासलं आणि बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "शेषरावांची उत्तरं तुम्हीच पाठ करून घेतलीत ना?"

"नाही बाई, कायची उत्तरं?" मी म्हटलं.

त्या हसल्या. पण हसण्यात राग नव्हता. म्हणाल्या, "तुमच्या ओळीतले सगळे पुरुष मला एकाच क्रमाने एकच उत्तर देतात. सगळ्यांना झोप येते, सगळ्यांना भूक बराबर. मग इथे येता कशाला हो तुम्ही? मी आता परीक्षा घेत नाही. इथे कोणी नापास होत नाही."

डॉक्टर हिंदीत म्हणाले, "देखिए, छाती में मुझे कुछ नहीं मिला, मुँह से वो कुछ बताते नहीं. मैं किस आधार पर रोकूँ? वो खुद बोलें, तो हम दोनों मिलकर रास्ता निकालेंगे. नहीं तो सोमवार को ऊपर जाना ही पड़ेगा."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाहेर बाकावर फोरमनची बायको बसली होती, दार नुसतं लोटलेलं. मी पदर सावरला आणि उठले.

सांगितलं तर यांना क्रेनवरून काढतील. मग क्वार्टर? आणि लोक म्हणतील शेषराव वेडा झाला, बहीणही वेडी होती. पोटातल्या लेकराला जन्माआधीच ते नाव चिकटेल. नाही सांगितलं तर सोमवारी हे वर चढतील. खाली केवलराम असेल, आणखी कोणाकोणाचे नवरे असतील, आणि वर लेडल घेऊन हा माणूस, ज्याचे हात कधी आवळतील ते त्यालाच ठाऊक नाही. परवापासून भांडी घासतानासुद्धा मला छताकडे बघवत नाही.

तुम्हीच सांगा, काय करू? ज्या बाईला मी दरवर्षी मेलेली धरत होते, तिलाच सल्ला विचारते आहे. हसा हवं तर. पण सोमवारच्या आत लिहा.

अन्नपूर्णा

*

सेक्टर ६, भिलाई
२४ नोव्हेंबर १९६२

ताई,

सोमवारच्या आत तुमचं कार्ड आलं नाही. नंतर मला सुचलं, डाकेला जायला एक दिवस, यायला एक दिवस, मध्ये रविवार. घाबरलेल्या बाईला एवढा साधा हिशेब येत नाही.

मग मी रविवारी जे सुचलं ते केलं. सकाळी उठून उडीद वाटले. कोहळं चिरलं. खीर चुलीवर चढली तसे हे स्वयंपाकघराच्या दारात आले. "आज काय हाये?" म्हणाले. पाट मांडला, पान वाढलं, सगळं नवमीसारखं. लोणचंसुद्धा.

"कावून करून रायली तू हे? आता त तुले मालूम हाये ना!"

मी तुमचं कार्ड काढून वाचलं. "माझं पान दरसाल वाढलं म्हणतेस. काय काय केलं होतं ते लिव. अन् जेवलं कोन?"

आधी त्यांना कळेचना. मग कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं आणि अक्षर बघितलं. आणि ताई, हा माणूस हसला. किती महिन्यांनी! "अशीच हाये ते," म्हणाले. "लहानपनी मी तिच्या वाटचा लाडू खाल्ला का असंच इचारे. जेवलं कोन?" हसता हसता त्यांना रडू फुटलं आणि ते पाटाशेजारी जमिनीवरच बसले. मी पाठीवर हात ठेवला. श्वास कोंडेल म्हणून जीव मुठीत धरून होते. पण कोंडला नाही. मोकळं रडले.

पानाला आम्ही कोणी हात लावला नाही. गयाबाईंनाही बोलावलं नाही. त्या वासावरून दोनदा डोकावून गेल्या.

सोमवारी सकाळी ड्युटीचे कपडे घालूनच हे निघाले. मी म्हटलं, मीही येते. सायकलवर मागे बसले, पाचव्या महिन्यात, कौसल्या तोंडावर हात ठेवून बघत राहिली. कारखान्याच्या रस्त्याला लागायच्या जागी सायकल थांबली. मग यांनी हँडल दवाखान्याकडे वळवलं.

सोमवार काही बाईंचा वार नव्हे. पण डॉक्टरांनी यांच्याकडे एकदा पाहिलं, बाहेरच्या माणसांना थांबायला सांगितलं आणि फोन केला. बाई आल्या तेव्हा त्यांच्या हाताला खडू लागलेला होता, वर्ग सोडून आल्या होत्या. त्यांनी या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. हे आपणच बोलले.

"मले बहीन हाये. जिती हाये. आमी ते मेली म्हणून सांगतलं, अन् माही बायको तिचं पान वाढे, अन् मी हात जोडून बसो. मले वाटते, मीबी तिच्यासारखा होईन, मंग मलेबी मेला म्हणून सांगतीन."

ताई, ही भीती होती. उंचीची नाही, लेडलची नाही. हा माणूस चार वर्षं माझ्याशेजारी झोपला आणि त्याला वाटत होतं, आजारी पडला तर मी त्याचंही पान वाढीन. ऐकताना मला इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं.

बाई म्हणाल्या, "बहिणीला झालं म्हणून भावाला होतंच असं नाही. आणि तुम्हाला जे होतंय ते तिच्यासारखं दिसतही नाही. पण मला एक सांगा, ती बरी कशी झाली?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. कोणालाच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कोणी विचारलंच नाही.

"मग विचारून या," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं की सध्या यांना खालचं काम द्यावं, हाताच्या खुणा करून क्रेनवाल्याला दाखवायचं. फोरमन कुरकुरला, पण लाहिरी डॉक्टर स्वतः जाऊन त्याच्याशी बोलले. क्वार्टर आहे. नोकरी आहे. दर गुरुवारी दोघांसमोर जाऊन बसायचं. पुढे हळूहळू शिडी चढायची, आधी अर्धी, सोबत केवलराम, आणि भीती वाटली की तिथेच थांबून खाली यायचं, त्यात कमीपणा नाही. कधी वर जाता येईल ते बाई सांगत नाहीत. मी खोदून विचारलं तरी सांगत नाहीत. आणि लोकांचं म्हणाल तर बोलतात, नळावर माझ्याभोवती जागा मोकळी झाली होती. पण काल कौसल्याच मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "केवलरामले खरंच झोप नाही येत वो. बाईले आता सांगू काय?"

लढाई थांबली म्हणतात. माझी काळजी काही थांबलेली नाही. कारण उद्या हे पॅसेंजरने आमगावला येत आहेत, आणि हे पत्र तेच तुमच्या हातात देतील. सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. डोंगरगड सोडल्यावर दरेकस्याचा बोगदा लागतो. बंद डबा, धूर, अंधार. आजारी पडल्यापासून हे मोरीचं दारसुद्धा लावून घेत नाहीत. बाईंनी सांगितलंय, खिडकीशी बसा, श्वास मोजू नका, बोगद्याला शेवट असतो एवढं ध्यानात ठेवा. मी सांगितलंय, डबा मांडीवर घट्ट धरा, कढी सांडेल. बघू कोणाचं उपयोगी पडतं ते.

डब्यात सगळं आहे. वडे, खीर, कोहळ्याची भाजी, लोणचं. कढीला वेगळी कासंडी दिली आहे. उद्या नवमी नाही, साधा रविवार आहे. हे पान मी सवाष्णीला नाही, तुम्हाला वाढलं आहे. जेवलं कोण, ते आता तुम्हीच लिहा.

तुम्ही पत्र वाचून होईपर्यंत हे बाहेरच उभे राहतील. स्वतःहून आत येणार नाहीत, मला माहीत आहे. तुम्हाला राग असेल तर काढा, त्यांच्यावरही आणि माझ्यावरही, आम्ही ऐकून घेऊ. पण आधी त्यांना पाणी द्या. बोगद्यातून आले आहेत.

अन्नपूर्णा